सात नंबरच्या भुवया

सात नंबरच्या भुवया मधु ताम्हाणेने जरा कमी जाड काढल्या असत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं. निदान त्याच्या बायकोचं, सुहासिनीचं, मत तसं आहे. मधूचं स्वतःचं मत असं, की भुवया ठीकच होत्या, समाज तयार नव्हता. हे मत त्याने अजून घराबाहेर कुठे बोलून दाखवलेलं नाही.

मधु कल्याणला एका विमा कंपनीच्या शाखेत क्लेम तपासतो. चोपन्न वर्षांचा माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद वाचतो, त्यामुळे आपलंही काहीतरी होणार याची त्याला पक्की खात्री असते. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि गोळीबरोबर एखादा छंदही लिहून दिला. गोळी सकाळी, छंद रविवारी. म्हणून मधूने डोंबिवलीला अर्कचित्रांचा वर्ग लावला. प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्यातलं जे वेगळं असेल ते फुगवायचं आणि तरी तो माणूस चटकन ओळखू आला पाहिजे, अशी ही कला. शिकवणारी कादंबरी जेमतेम सव्वीस वर्षांची. ती म्हणायची, "काका, नाक मोठं असेल तर नुसतं मोठं काढू नका. नाक आधी काढा आणि मग त्याला माणूस जोडा." मधूने सहा रविवार नाकांना माणसं जोडली. रक्तदाब उतरला की नाही ते माहीत नाही, कारण सातव्या रविवारी गणपती आले.

पण गणपतीच्या आधी आईचं सांगितलं पाहिजे, कारण सगळी धाकधूक तिच्यापायी होती.

ठाण्याला कोपरीत ताम्हाण्यांची मित्रविहार सोसायटी आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. ताम्हाणे तिसऱ्या मजल्यावर. मधूच्या आईला ब्याऐंशी पुरी झाली आणि तिचे गुडघे तिच्याआधी निवृत्त झाले. सोळा महिन्यांत ती एकदाही खाली उतरलेली नव्हती. तिची तक्रार नव्हती. तक्रार करणारी बाई असती तर मधूला जरा बरं वाटलं असतं. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि गेटजवळच्या बदामाखालच्या बाकाकडे बघायची. एकदाच म्हणाली होती, "त्या बाकावर बसून एकदा भाजीवाल्याशी भांडायचंय रे. वरून ओरडून भाव करण्यात मजा नाही." तेव्हापासून मधूच्या घशाखाली मेथी उतरत नव्हती.

योगायोगाने तळमजल्यावरच्या सुमितला पाण्याच्या पंपाच्या आवाजाने झोप लागत नव्हती. तो म्हणाला, "काका, मी वर येतो, तुम्ही खाली या. अदलाबदल. पण पुढच्या महिनाअखेरपर्यंत हं, नाहीतर एक क्लासवाला मागे लागलाय, त्याला द्यावा लागेल." दोन्ही घरं सारखीच, दोन्ही घरची माणसं खूश, आता फक्त सोसायटीच्या चेअरमनची सही हवी होती. या 'फक्त'मध्ये मधूचे सात आठवडे गेले.

चेअरमन म्हणजे सीताराम घोसाळकर. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. वाईट माणूस नव्हे. पण कागद आला की आधी त्यात काय कमी आहे ते बघायचं, हे हाताला लागलेलं वळण. जाड भुवया, पुढे आलेला खालचा ओठ, हनुवटीला खळी, आणि बोलण्याआधी या तिन्ही गोष्टी एकदम हलायच्या. मधूचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला, तिन्ही वेळा फोटोवरून. पहिल्या फोटोत चष्म्यावर उजेड चमकला होता. दुसरा सहा महिन्यांपेक्षा जुना होता. शर्टावरून त्यांनी ते ओळखलं. तिसरा मधूने स्टेशनजवळ मुद्दाम नवा काढला, तर फोटोवाल्याने आपल्या मनानेच त्याला गोरा केला आणि ओठांचे कोपरे वर ओढले. घोसाळकरांनी तो फोटो हातभर लांब धरला.

"ताम्हाणे, हा अर्जदार नाही."

"मीच आहे हो साहेब."

"मी तुम्हाला अकरा वर्षं ओळखतो. अर्जदार हसत नाही. अर्जावर अर्जदार दिसला पाहिजे, उद्या ऑडिटला मी काय उत्तर देऊ?"

अशा स्थितीत सोसायटीचा तरुण सेक्रेटरी साकेत मधूकडे आला. "काका, यंदा गणपतीत मस्त आयडिया आहे. 'ओळखा पाहू' स्पर्धा. तुम्ही बारा फेमस चेहरे काढायचे, आपण मंडपात लावू, लोक कूपनवर नावं लिहून पेटीत टाकतील. चेअरमनसाहेबांनी परवानगी दिलीय, तेही लेखी." मधूने लगेच होकार दिला. कलेसाठी दिला असं तो सांगतो. खरं तर चेअरमनच्या डोळ्यांपुढे पाच दिवस आपलं काही चांगलं काम राहील आणि सहावा दिवस सहीचा उजाडेल, असा त्याचा हिशेब होता.

पंधरा दिवस त्याने जेवणाच्या टेबलावर चेहरे काढले. तीन नंबरला एक नामवंत गायक, तोंडाचा मोठा आ करून. पाच नंबरला टपोऱ्या डोळ्यांची एक जुनी नटी. सात नंबरला जुन्या हिंदी सिनेमातला गाजलेला खलनायक. नऊ नंबरला त्याच काळातला एक विनोदी नट, जो प्रत्येक सिनेमात हातात छत्री घेऊन कसली ना कसली काळजी करत फिरायचा. यांतल्या कोणाचंही नाव इथे घेत नाही, कारण मधूला आता कोणाचंही नाव कशाशीही जोडलं की घाम फुटतो. आईने चित्रं बघितली. "छान काढलीस. नऊ नंबरचा तर अगदी बोलतोय," असं म्हणून ती मधूकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मधूने ते कौतुक समजून खिशात घातलं.

पहिल्या दिवशी गणपती बसले, आरती झाली आणि मंडळी चित्रांकडे वळली. बारा चित्रं दोरीवर ओळीने लावली होती. मधु हात मागे बांधून, आपण सहज इथे उभे आहोत असा चेहरा करून उभा राहिला. माणसं एक ते सहा चित्रं बघत पुढे यायची आणि सातव्यापाशी थांबायची. मग आजूबाजूला बघायची. मग तोंडाला रुमाल लावून प्रसादाच्या टेबलाकडे जायची. एवढ्या माणसांना एकदम खोकला कसा झाला, हे मधूला कळेना. त्याने सुहासिनीला बोलावलं. तिने सात नंबर बघितला आणि सावकाश म्हणाली, "तुम्ही चेअरमनना का काढलंत?"

मधूने चित्राकडे बघितलं. जाड भुवया, पुढे आलेला ओठ, हनुवटीला खळी. पंधरा दिवस त्याला जो खलनायक दिसत होता तो क्षणात निघून गेला आणि त्याच्या जागी घोसाळकर येऊन बसले, हातात अर्ज नसलेले.

त्याने मंडपामागे जाऊन कादंबरीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "होतं असं काका. आठवणीतून काढलं ना, की हात ओळखीचे चेहरे घुसवतो. तुम्ही रोज ज्यांना बघता ते येतात. हल्ली रोज कोणाला बघता?" मधूने विचार केला. रोज संध्याकाळी अर्ज घेऊन घोसाळकर. जिन्यात दाराच्या भोकातून बघणाऱ्या देवयानीताई. समोरच्या गॅलरीत जांभया देणारे काळुराम पाटील. पाच नंबर, तीन नंबर! यादी पटापट जुळत गेली. सकाळी दाढी करताना आपण आणखी एक चेहरा रोज बघतो, हे मात्र त्याच्या यादीत आलं नाही.

त्यानंतर सल्ला द्यायला माणसं येऊ लागली. पहिल्या देवयानीताई. "मी काही कुणाचं इकडचं तिकडे करत नाही हं मधुभाऊ, पण तेहतीस जणांनी पाच नंबरला माझं नाव लिहिलंय. मी घरोघर सहज विचारून मोजलं. माझे डोळे एवढे मोठे आहेत?"

"ताई, ती नटी आहे."

"हो, तुम्ही असंच म्हणणार. आणि साहेबांना अजून कोणी बोललेलं नाही. पाचव्या दिवशी पेटी उघडून सगळी कूपनं माइकवर वाचणार आहेत, पारदर्शकता म्हणून. बघा बाई काय ते."

मधूला ही माहिती नवीन होती.

काळुराम पाटील मूळचे इथले, कोपरी गावातले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांची शेती होती, त्यामुळे ते कोणालाच घाबरत नसत. ते म्हणाले, "आरं मधुभाव, घाबरतंस कशाला? चेरमन हाय, वाघ नाय. मना बघ, तीन नंबरला माजा आ काढलास, मी काय बोललो? दात तेवढे जास्त काढलेस. माजे दोन पडलेत." जाता जाता ते मागे वळून म्हणाले, "नऊ नंबर मात्र यकदम झ्याक!" नऊ नंबरची तारीफ तोवर आठ-दहा जणांनी केली होती. एवढ्या संकटात निदान एक चित्र तरी कला म्हणून उतरलं, या विचाराने मधूला थोडा धीर आला.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून नव्हे, तर डोकं शाबूत असताना दिवसाढवळ्या मधूने ठरवलं की सात नंबर दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात चिटपाखरू नसताना तो पांढरा रंग घेऊन गेला आणि भुवया बारीक केल्या. आता रागावलेले घोसाळकर जरा समजुतीला आलेले घोसाळकर दिसू लागले. त्याने ओठावर मिशी काढली. मिशीतले घोसाळकर. आता काय करावं? डोळे झाकले की माणूस ओळखू येत नाही, हे मधूला क्लेमच्या कागदांतल्या फोटोंवरून माहीत होतं. त्याने चित्राला मोठाच्या मोठा काळा गॉगल घातला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. घोसाळकर नाहीसे झाले होते. खलनायक मात्र जसाच्या तसा होता, कारण तोही सिनेमात गॉगल लावायचा. कित्येक दिवसांनी मधु दुपारचा पोटभर जेवला.

संध्याकाळच्या आरतीला घोसाळकर काळा गॉगल लावून आले.

त्यांचे डोळे आले होते. त्या आठवड्यात अर्ध्या कोपरीचे डोळे आले होते, त्यात त्यांचे आले यात त्यांची काय चूक? ते नेमके सात नंबरच्या खाली उभे राहून टाळ वाजवू लागले. आरती म्हणणाऱ्या चाळीस माणसांचा आवाज मधेच बसला आणि शेवटचं कडवं एकट्या काळुरामनी म्हटलं. घोसाळकरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते डोळे आल्यामुळे येतंय की आणखी कशामुळे, हे गॉगलमुळे मधूला कळेना, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

आता चित्र सुधारण्यात अर्थ नव्हता, पेटीचंच काहीतरी करायला हवं होतं. पेटी म्हणजे सोसायटीची जुनी तक्रारपेटी. तिला दोन कुलपं. एक किल्ली चेअरमनकडे, दुसरी सेक्रेटरीकडे. मधूने साकेतला एकीकडे घेतलं. "सात नंबर स्पर्धेतून बाद करता येईल का?"

"करता येईल ना काका. चेअरमनना लेखी अर्ज द्या, कारण नमूद करा."

"कारण काय नमूद करू?"

साकेतने सात नंबरकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. "ते तुम्ही ठरवा. चिल करा हो, एवढं काही नसतं." ज्याच्या आईला चोपन्न पायऱ्या उतरायच्या नसतात त्याला चिल करणं सोपं जातं, असं मधूच्या ओठांवर आलं होतं. खलनायकाचं खरं नाव लिहून वीस कूपनं पेटीत टाकावीत, हाही विचार त्याने करून बघितला. पण प्रत्येक कूपनावर घराचा नंबर आणि नाव होतं, आणि वाटलेल्या कूपनांची नोंद घोसाळकरांच्या वहीत होती. आपल्या देशात मोठमोठ्या गोष्टी नोंद न होता होऊन जातात, आणि मधूच्या नशिबात हीच एक स्पर्धा चोख निघावी!

चौथ्या दिवशी आईने स्वतःचं कूपन भरलं. सुहासिनीने फोनवर काढलेले चित्रांचे फोटो मोठे करून बघत तिने तासभर लिहिलं, घडी घातली आणि ती भाताच्या शिताने चिकटवून टाकली. मधु म्हणाला, "चिकटवायचं नसतं गं, नुसतं टाकायचं." ती म्हणाली, "मी काय लिहिलंय ते आधी तू वाचशील. तुझा काही भरवसा नाही." त्याच संध्याकाळी सुमितचा निरोप आला. क्लासवाला जागा बघून गेला होता, त्याला पंपाचा आवाज चालणार होता.

पाचव्या दिवशी दुपारी विसर्जनाआधी बक्षीस समारंभ ठरला. बक्षीस एक प्रेशर कुकर. घोसाळकर गॉगल लावून माइकसमोर बसले आणि त्यांनी आधी नियम वाचले. कूपनं सर्वांसमक्ष उघडली जातील. व्यवस्थापन समितीचे सदस्य बक्षिसास पात्र नाहीत. बक्षीस विजेत्याच्या स्वतःच्या हातात दिलं जाईल आणि सही घेतली जाईल. नातेवाइकांकडे दिलं जाणार नाही. मधु शेवटच्या रांगेत सुहासिनीजवळ बसला होता. वर गॅलरीत आई होती. लाऊडस्पीकर तिच्याच दिशेने लावलेला होता.

पेटी उघडली. एकसष्ट कूपनं निघाली. घोसाळकर एकेक नंबर घेऊन सगळी उत्तरं वाचायचे आणि साकेत फळ्यावर रेघा मारायचा. पाच नंबरला देवयानीताईंचं नाव चौतीस वेळा आलं. तेहतीस मोजली होती तिथे हे चौतिसावं कोणाचं, याचा शोध त्या अजून घेत आहेत. मग सात नंबर आला.

"सात नंबर," घोसाळकर माइकमध्ये म्हणाले. "सीताराम घोसाळकर."

त्यांनी दुसरं कूपन घेतलं. "सीताराम घोसाळकर." तिसरं. "घोसाळकर साहेब." चौथं. "चेअरमन, गॉगलसकट." असं ते वाचत गेले. थांबले नाहीत, एकही कूपन गाळलं नाही. पस्तीस वर्षं आलेला कागद वाचलाच पाहिजे असं मानणारा माणूस. चाळीसाव्या कूपनापाशी मात्र त्यांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी पाणी प्यायलं. गॉगल काढला आणि लाल डोळ्यांनी पहिल्यांदाच वळून ते चित्र नीट बघितलं. "मी असा दिसतो?" त्यांनी विचारलं. मधूला इतके दिवस त्यांची भीती वाटत होती. आता त्यांच्याकडे बघून त्याला वाईट वाटू लागलं, आणि भीतीपेक्षा हे जास्त अवघड होतं. तो उठून उभा राहिला. "साहेब, माझं चुकलं," असं म्हणणार होता. सुहासिनीने त्याचा शर्ट धरून खाली ओढलं.

आठ नंबर घाईत झाला. मग घोसाळकरांनी नववा घेतला. "नऊ नंबर. मधु ताम्हाणे."

मधूला वाटलं, त्यालाच बोलावलं. तो पुन्हा उभा राहिला.

"बसा. हे उत्तर आहे. मधु ताम्हाणे. मधु ताम्हाणे. ताम्हाणे काका. मधुभाव, काळजीत." मंडपात कोणीतरी फिस्कन हसलं आणि मग पाच दिवसांचा दाबून ठेवलेला खोकला एकदम बाहेर पडला. मधूने नऊ नंबरकडे बघितलं. कपाळावर चढलेल्या भुवया, त्यांच्या मधली उभी आठी, एका कुशीवर पडलेलं तोंड, छत्री धरलेली मूठ. सगळ्या सोसायटीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, आणि त्याला झ्याक म्हणून सांगितलंही जात होतं. तो विनोदी नट आहे हो, असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं.

पण घोसाळकर हसत होते. त्यांचा ओठ, खळी आणि भुवया तिन्ही हलत होत्या आणि प्रथमच त्यांतून तक्रार निघत नव्हती. "ताम्हाणे," ते म्हणाले, "तुम्ही स्वतःलाही सोडलं नाहीत. मग आमची काय तक्रार!"

मधु प्रामाणिक माणूस. "नाही साहेब, तो मी नव्हे—" इथवर तो पोचला आणि सुहासिनीने त्याच्या पायावर पाय ठेवून वजन दिलं. त्याने वाक्य तिथेच सोडलं.

शेवटी एक कूपन उरलं, भाताच्या शिताने चिकटलेलं. फाटू नये म्हणून घोसाळकरांनी ते नखाने हलकेच सोडवलं. ते पूर्ण वाचू लागले. एक नंबर बरोबर. दोन बरोबर. तीनला गायकाचं नाव, पाचला नटीचं. पाहिलेला एकही सिनेमा न विसरलेल्या बाईचा तो कागद होता. "सात नंबर," घोसाळकर म्हणाले. त्यांनी खलनायकाचं खरं नाव वाचलं आणि पुढचंही वाचलं, कारण लिहिलेलं सगळं वाचायचं होतं. "'हा शेवटी नेहमी पोलिसांच्या हाती सापडणारा. घोसाळकरभाऊजींशी याचा काही संबंध नाही. भाऊजींचे कान फार चांगले आहेत.'"

घोसाळकरांचा हात नकळत एका कानाकडे गेला.

"नऊ नंबर," ते वाचू लागले. "'हा आमचा मधु. बाकीची नावं बरोबर असतील, पण हे उत्तर चुकीचं ठरलं तरी मी बदलणार नाही. त्याला कोणीतरी सांगा, एवढी काळजी करू नकोस. खाली नाही गेले तरी मला वरून आरती ऐकू येते.'"

वरून गॅलरीतून आवाज आला, "शेवटचं ऐकू नाही आलं! परत वाचा!"

घोसाळकरांनी परत वाचलं. मधूने मान खाली घातली आणि चप्पल शोधत असल्यासारखा बराच वेळ वाकून बसला.

अकरा उत्तरं बरोबर आलेलं ते एकच कूपन, तेव्हा कुकर आईचा. मधु घ्यायला पुढे झाला, तर घोसाळकरांनी कुकर छातीशी धरला. "नियम वाचला मी. विजेत्याच्या हातात. विजेत्याला खाली बोलवा."

"साहेब, ती सोळा महिने खाली आलेली नाही. अर्जात लिहिलंय तसं."

नियम घोसाळकरांचाच होता. ते स्वतः तळमजल्यावर राहत आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्या मजल्याच्या वर गेले नव्हते. कुकर घेऊन ते जिना चढू लागले, मागून साकेत, मधु आणि निम्मी सोसायटी. पहिल्या मजल्यावर ते थांबले. दुसऱ्यावर देवयानीताईंच्या दारातल्या स्टुलावर बसले. साकेतने कुकर घ्यायला हात पुढे केला, तर त्याच्या अंगावर खेकसले. तिसऱ्यावर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईने त्यांना पाणी दिलं, कुकरची शिट्टी नीट बसते का ते बघितलं आणि मग सही केली. घोसाळकर गॅलरीतल्या तिच्या खुर्चीवर बसून श्वास गोळा करत होते. त्यांना तिथून बदाम दिसला, बाक दिसला आणि मधल्या पायऱ्याही आठवल्या असाव्यात.

"किती आहेत हो?" त्यांनी विचारलं.

"चोपन्न," आई म्हणाली. "मी उतरत नाही, पण रोज मोजते."

"ताम्हाणे, अर्ज आणा."

अर्ज मधूच्या खिशातच होता, सात आठवडे. घोसाळकरांनी तो वाचला. फोटोच्या रिकाम्या चौकोनापाशी त्यांचं बोट थांबलं. "फोटो नाही," ते म्हणाले. मग साकेतला म्हणाले, "नऊ नंबर खाली आहे. त्याची पासपोर्ट आकाराची झेरॉक्स काढून आण. एकसष्ट माणसांपैकी साठ जणांनी ओळखलेला चेहरा आहे, ऑडिटला मी उत्तर देईन." एकसष्टावं कूपन कोणाचं होतं, हे कोणी विचारलं नाही. त्यावर फक्त नऊ नंबर भरलेला होता, त्या नटाचं अचूक नाव लिहून, आणि घर नंबर मधूचाच होता. झेरॉक्स आली, आईने उरलेल्या भाताच्या शिताने ती चिकटवली आणि घोसाळकरांनी खाली सही ठोकली.

महिनाअखेरीला दोन दिवस असताना ताम्हाणे खाली आले. पंपाचा आवाज येतो, पण आई म्हणते सोबत वाटते. पहिल्याच सकाळी ती काठी टेकत स्वतः बाहेर गेली, बदामाखालच्या बाकावर बसली आणि भाजीवाल्याशी वीस मिनिटं भांडली. मेथीची जुडी मांडीवर घेऊन दमून, खूश होऊन ती बसली असताना मधु कामाला निघाला. तो तिच्याकडे बघत दोन मिनिटं नुसताच उभा राहिला.

आई म्हणाली, "मधु, तू आता त्या नऊ नंबरसारखा दिसत नाहीस हो."

मधूला बरं वाटलं. मग त्याला आठवलं, की अर्जावर चेहरा तोच चिकटवलेला आहे आणि ऑडिट मार्चमध्ये आहे. उद्या कोणी म्हणालं की हा अर्जदार नाही, तर? घर परत जाईल का? त्याच्या भुवया कपाळावर चढल्या, मधे उभी आठी पडली आणि तोंड एका कुशीवर गेलं.

"हां," आई म्हणाली, "आता दिसतोस."